यंत्र घेतले, आता घोडीचे काय?

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन जुन्या विद्यास्थानांच्या आश्रयाने वाढलेल्या आमच्या विश्रामबागेत निवृत्त प्राध्यापक, अभियंते, बँकांतून सेवामुक्त झालेले अधिकारी आणि मुले परगावी गेल्यामुळे एकाएकी मोकळी झालेली जोडपी यांची वस्ती बरीच दाट आहे. आणि अशा वस्तीत उतारवयात मनुष्याला ज्या काही निरुपद्रवी हौसा जडतात, त्यांत अलीकडे सुतारकामाची हौस बागकामाच्या आणि हार्मोनियमच्या पंक्तीला येऊन बसली आहे. सणासुदीची सवलत पाहून घरबसल्या मागवलेले, किंवा पुण्याच्या चिरंजीवांनी वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त पाठवलेले मायटर सॉ नावाचे यंत्र, म्हणजे लाकडाची पट्टी हव्या त्या कोनात कापून देणारी विजेची करवत, एके दिवशी दारात येऊन पडते; खोके फुटते, शेजारी जमतात, एक-दोन रिपांचे निष्कारण तुकडे होतात, आणि मग सर्वांना एकदम उमगते की हे यंत्र ठेवायचे कशावर याचा विचार कोणीच केलेला नाही. येथून पुढे जी चर्चा सुरू होते ती बहुधा एकाच मुक्कामाला पोचते : यंत्र ज्या कंपनीचे, त्याच कंपनीचा चाकांचा, पसरत्या हातांचा स्टँडही मागवावा, म्हणजे झाले.

या निष्कर्षाला माझी हरकत आहे, आणि ती नुसत्या काटकसरीच्या बुद्धीतून उद्भवलेली नाही. वर्षातून चार-सहा वेळा यंत्राला हात लावणाऱ्या गृहस्थाला स्टँड अवश्य हवा, किंबहुना रोज आठ तास काम करणाऱ्या मिस्त्रीपेक्षाही अधिक अगत्याने हवा. परंतु तो बाजारातून तयार आणलेलाच असावा याला काहीएक आधार नाही, आणि ज्या गुणांसाठी बाजारातील महागडा स्टँड जादा पैसे मागतो, त्यांतील बहुतेक गुण अशा गृहस्थाच्या उपयोगाचेच नसतात, हे माझे म्हणणे आहे.

प्रथम ‘कधीमधी उपयोग’ म्हणजे काय याची रुजुवात झाली पाहिजे. श्रावण संपता संपता मखराच्या चौकटीच्या पट्ट्या, दिवाळीपूर्वी एखाद्या भिंतीवरची फळी, पावसाळ्याच्या तोंडी डासांच्या जाळीच्या दोन-तीन चौकटी, मधूनच नातीने काढलेल्या चित्राची फ्रेम. हौशी मनुष्याच्या एका वर्षाचा ताळेबंद याच्या फारसा पलीकडे जात नाही. म्हणजे यंत्र वर्षाकाठी काही दुपारी चालते आणि उरलेला सर्व काळ जिन्याखाली अथवा बाल्कनीत जुन्या चादरीखाली पडून असते. मिस्त्रीची गोष्ट निराळी. त्याचा स्टँड सकाळी टेम्पोत चढतो, संध्याकाळी उतरतो, आज नेमिनाथनगरात तर उद्या मिरजेत, परवा कोल्हापूरच्या एखाद्या बंगल्यात उघडला जातो; त्याला चाके हवीत, एका हिसक्यात उभे राहणारे पाय हवेत, झटपट सुटणारे जोड हवेत, कारण त्याचा वाचलेला प्रत्येक अर्धा तास हा त्याच्या मजुरीचा भाग असतो. आमच्या निवृत्त गृहस्थाचा अर्धा तास वाचवून तो कोठे जमा करावयाचा, हे कोणत्याही कंपनीने आजवर सांगितलेले नाही.

आता स्टँडचे काम काय? यंत्राला उचलून धरणे, असे उत्तर सहज येते. आणि तेच अपुरे आहे. घरगुती वापरातील मायटर सॉचे पाते सामान्यतः दहा इंचांचे, म्हणजे 255 मिलिमीटर व्यासाचे असते, ते मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि साध्या, न सरकणाऱ्या यंत्राचे एकूण वजन बारा ते पंधरा किलोंच्या घरात भरते. पंधरा किलो म्हणजे काही गव्हाचे पोते नव्हे. ते कोणतेही बरे टेबल तोलून धरील. खरी अडचण वजनाची नसून लांबीची आहे. यंत्राचा लाकूड टेकवण्याचा पाट जेमतेम दीड-पावणेदोन फूट रुंद असतो, आणि वखारीतून आणलेली पट्टी असते सात-आठ फुटांची. दोन फूट पाटावर आणि पाच फूट हवेत, अशा अवस्थेत ती पट्टी कापावयास घेतली की काय घडते ते एकदा जवळून पाहावे. मोकळे टोक स्वतःच्या भाराने खाली झुकते. त्यासरशी पाटावरचा भाग केसभर उचलला जातो आणि मागच्या आडपट्टीपासून किंचित सुटतो. डावा हात तो भाग दाबून धरण्याच्या खटपटीत पात्याच्या जवळ जवळ सरकत जातो, जेथे त्याने कधीही जाऊ नये. आणि पाते तळाशी पोचण्याच्या ऐन क्षणी लोंबते टोक स्वतःच मोडून खाली पडते व जाताना काठाची एक लांब ढलपी सोलून नेते. वरून सांधा बरा दिसतो, मागून पाहावे तर फट.

चौकटीच्या बाबतीत हा दोष साठत जातो. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप 45 अंशांऐवजी अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला, तर चौथ्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती चूक चार अंशांची होते, आणि शेवटच्या सांध्यात तोंड वासून राहिलेली फट भुसा आणि फेव्हिकॉल यांच्या मलमाने बुजवण्याचा जो सोहळा सर्व हौशी सुतारांच्या घरी पार पडतो, त्याचे मूळ पुष्कळदा यंत्राच्या कोनमापात नसून त्या लोंबणाऱ्या पाच फुटांत असते. यंत्राला दोष देऊन त्याहून महाग यंत्र घेणारेही लोक मी पाहिले आहेत.

याच्या उलट चूकही होते, आणि ती अधिक धोक्याची आहे. टेकू देण्याच्या उत्साहात पट्टीची दोन्ही टोके यंत्राच्या पाटापेक्षा उंच ठोकळ्यांवर ठेवली, तर पट्टी मध्ये अधांतरी राहते; पाते खाली उतरू लागले की मधला भाग खचतो, कापाच्या दोन्ही बाजू वरच्या अंगाने जवळ येतात आणि फिरते पाते चिमटीत धरतात. मग यंत्र उसळते, किंवा पट्टी. सुतारांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. टेकू पाटाच्या बरोबर समपातळीत असावा, चुकलाच तर कागदभर खाली असावा, परंतु एक सूतसुद्धा वर असू नये. एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी यंत्राच्या पाटावरून दोन्ही टेकूंवर आडवी ठेवून खालून प्रकाश दिसतो का ते पाहिले, की ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. स्टँड कोणताही घ्या, लाकडाचा, लोखंडाचा, विकतचा की घरचा, त्याची सर्व गुणवत्ता या एका परीक्षेत सामावलेली आहे. बाकीच्या गोष्टी सोयीच्या.

येथे एक आक्षेप हटकून येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. आपल्याकडचे मिस्त्री हे यंत्र सरळ जमिनीवर ठेवतात, शेजारी उकिडवे बसतात आणि दिवसभरात एका दिवाणखान्याचे काम उरकून मोकळे होतात. त्यांच्या कामात फट दिसत नाही. मग आपल्यालाच स्टँडचे एवढे अवडंबर कशाला? आक्षेप घेणारा आणखी पुढे जाऊन असेही म्हणू शकेल की या भूमीतील कारागिरीची सारी परंपराच बैठकीची आहे. विश्रामबागेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडत आले आहेत, तो धंदा उभा करणारे फरीदसाहेब हे मूळचे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील होते, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि आजही सतारमेकर गल्लीत गेले तर कारागीर जमिनीवर मांडी घालून, पायांनी लाकूड आवळून, त्यावर पटाशी चालवीत बसलेला दिसतो. त्याला कोणी स्टँड दिला नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडलेही नाही.

हे सर्व खरे आहे, आणि त्यातील अर्धा भाग माझ्याच पक्षाचा आहे. घोडी म्हणजे लांब लाकडाला खालून टेकू देणारा आधार, आणि जमीन ही जगातील सर्वांत लांब आणि सर्वांत सपाट घोडी होय. यंत्राचा पाट जमिनीपासून साडेतीन-चार इंच उंच असतो. तेवढ्याच उंचीचे दोन ठोकळे डावी-उजवीकडे मांडले की आठ फुटांची पट्टी निर्धास्तपणे आडवी राहते, आणि मिस्त्री नेमके हेच करतो. अचूकपणाच्या दृष्टीने या व्यवस्थेत काहीही उणे नाही. उणेपणा असेल तर तो बसणाऱ्याच्या गुडघ्यांत आहे. पंचविशीतील मिस्त्री जे तासन्‌तास करू शकतो, ते पासष्टीतल्या गृहस्थाने दहा मिनिटे केले तर उठताना त्याला यंत्राच्याच मुठीचा आधार घ्यावा लागतो, आणि हा प्रकार किती हितावह आहे हे सांगावयास नको. शिवाय हाताच्या हत्याराची आणि विजेच्या हत्याराची बैठक एक असू शकत नाही. पटाशी जेवढी हात ढकलतो तेवढीच जाते. पायाच्या बोटांनी धरलेले लाकूड निसटले तर काम बिघडते, बोट जात नाही. मायटर सॉजवळ पाय नेणे हा विचारसुद्धा मनात आणू नये. आणि उकिडवे बसलेल्या मनुष्याचे तोंड पात्यापासून उडणाऱ्या भुश्याच्या नेमके समोर येते. लाकडाची धूळ मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत मोडते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच दिलेला आहे. आमचे मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून ती रोज ओढतात ही त्यांच्या सहनशीलतेची कहाणी झाली. तिला परंपरेचे नाव देऊन तिचे अनुकरण करण्याचे प्रयोजन नाही.

तेव्हा उभ्याने काम, कमरेच्या उंचीवर काम, हे ठरले. आता बाजारात काय मिळते ते पाहू.

स्वस्त प्रकार म्हणजे चार घडीचे पाय आणि त्यांवर दोन आडव्या पट्ट्या, ज्यांवर यंत्र बसते. दोन्ही अंगांना ओढून लांबवता येणारे नळीचे हात, आणि त्यांच्या टोकांना खाली-वर होणारे टेकू. मधल्या प्रकारात हे हात अधिक जाड, पाय अधिक रुंद, आणि यंत्र झटक्यात सोडवता येईल असे खटक्याचे जोड असतात. उंची प्रकारात चाके येतात, आणि यंत्रासकट सर्व डोलारा एका बाजूला कलंडवून, ढकलगाडीसारखा ओढून नेण्याची सोय येते. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून रुपये-पैशांची तंतोतंत वही येथे मांडत नाही. परंतु नामांकित कंपनीचा स्टँड दहा-पंधरा हजारांच्या आसपास जातो, आणि साध्या मायटर सॉची किंमतही पुष्कळदा तेवढीच असते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. या स्टँडांच्या खोक्यांवर 150, 180, क्वचित 225 किलो भार पेलण्याची ग्वाही मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पंधरा किलोंच्या यंत्राला आणि चार किलोंच्या पट्टीला ही ग्वाही देणे म्हणजे दोघांच्या संसारासाठी लग्नघरचे पातेले विकत आणण्यासारखे आहे. जी गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापावयास हवी, ती म्हणजे हात पूर्ण लांबवल्यावर टोकाचा टेकू किती खचतो. आणि ती कोणीच छापत नाही. स्वस्त स्टँडांची कसर नेमकी तेथे निघते : पातळ नळ्या, सैल चापाचे स्क्रू, आणि हात बाहेर ओढला की टोक सूतभर खाली. दुकानात उघडून पाहता आला तर हात पूर्ण लांबवून टोकावर तळहाताने दाबून पाहावे. मागवलेल्या मालात ही सोय नाही, आणि परत पाठवण्याची यातायात ज्याने केली आहे त्याला तिच्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

यावर माझी तजवीज अशी आहे. सांगलीसारख्या शहरात, जेथे कुपवाडची औद्योगिक वसाहत पायाशी आहे आणि जवळजवळ प्रत्येक पेठेत ग्रील, गेट व जिन्याचे कठडे करणारा एखादा फॅब्रिकेटर बसलेला आहे, तेथे चार पायांचे लोखंडी चौकट-टेबल करून घेणे ही अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे. एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा, मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो. दोन फूट बाय दीड फुटाची वरची चौकट, तेवढीच खालची, आणि चार पाय, असा एकंदर हिशेब साडेसात मीटरांच्या आसपास येतो. म्हणजे वजन नऊ किलो. फॅब्रिकेटर मजुरीसह किलोवर भाव सांगतो. कोणत्याही चालू भावाने गुणून पाहिले तरी हा आकडा दोन हजारांच्या अलीकडेच थांबावा. वर 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायचा तुकडा, जो वखारीत उरल्यासुरल्या मालातून मिळतो. पायांना रबरी बूट. आणि दोन सुट्या, अरुंद घोड्या, ज्यांची उंची यंत्राच्या पाटाशी जुळवलेली आहे. यांनाच मी स्टँडचा आत्मा समजतो. त्या लाकडाच्याही चालतील. ज्याच्याजवळ मायटर सॉ आहे त्याने दोन घोड्या स्वतः करू नयेत तर मग यंत्र आणले कशासाठी, असा प्रश्न त्याच्या घरचेच विचारतील.

उंचीच्या बाबतीत एक सावधगिरी. फॅब्रिकेटरला ‘टेबलाएवढी उंची’ असे मोघम सांगितले तर तो अडीच फुटांचे जेवणाचे टेबल करून देईल किंवा ओट्याच्या मापाने तीन फुटांचे. आणि त्यावर यंत्राचा पाट आणखी चार इंच चढेल हे त्याच्या लक्षात येणार नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. साडेपाच फूट उंचीच्या मनुष्याला लाकूड 36 इंचांवर असले म्हणजे खांद्याला ताण येत नाही. त्यातून यंत्राच्या पाटाची उंची आणि प्लायची जाडी वजा करावी. लोखंडी चौकट 31-32 इंचांची ठरेल. यंत्राच्या बैठकीला चार भोके असतात. त्यांवर जाड कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि तोच कागद प्लायवर चिकटवून भोके पाडावीत. यंत्र बोल्ट, वायसर आणि नट यांनी आवळल्याशिवाय चालवू नये. नुसते वर ठेवलेले यंत्र चालू होताना आणि थांबताना दरवेळी थोडे थोडे सरकते, आणि एका दुपारीत काठापर्यंत पोचते.

काहींच्या घरी यापेक्षाही सोपी वाट असते. आजीच्या पायमशीनचा बिडाचा स्टँड, ज्याचे मशीन केव्हाच मोडीत गेले पण लोखंड टाकवेना म्हणून जो गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली उभा आहे, तो साध्या मायटर सॉसाठी उत्तम. वजनदार, डगमगत नाही, आणि जाड प्लाय टाकल्यावर उंचीही बरीचशी जमते. मात्र तो पुढून मागे अरुंद असतो. सरकत्या दांड्यांचे यंत्र, ज्याचे डोके ओढताना सर्व भार पुढे येतो, त्यावर बसवू नये.

आणि भुश्याच्या बोर्डाचे नाव काढू नये. स्वस्त मिळतो, गुळगुळीत दिसतो, आणि पंधरा दिवसांच्या सर्द हवेत बोल्टची भोके सैल करतो. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा नदी सांगलीच्या गावभागात शिरली आणि ओसरली, तेव्हा सागवानी आणि शिसवी कपाटे धुऊन-पुसून पुन्हा उभी राहिली, परंतु भुश्याच्या बोर्डाची कपाटे फुगून, पदर सुटून रस्त्यावर ढिगांनी पडली होती, हे ज्यांनी पाहिले त्यांना या बोर्डावर फिरते पाते आवळण्याची बुद्धी होऊ नये. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून येथे पावसाळा कोरडा असतो असे नाही.

विकतच्या स्टँडचा माझ्याकडून सरसकट अव्हेर होतो आहे असे मात्र कोणी समजू नये. शंभर फुटी रस्त्याच्या आसपास ज्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला कायमचे लोखंडी टेबल ठेवावयास जागा नाही. त्याला घडीचा स्टँड हवा, तो दाराच्या मागे उभा राहिला पाहिजे, आणि काम करावयाचे ते खाली वाहनतळात. अशा मनुष्याने साधा घडीचा स्टँड खुशाल घ्यावा, फक्त चाकांचा घेऊ नये, आणि त्याच्या हातांवर विसंबण्याऐवजी लांब पट्टीसाठी एक सुटी घोडी जवळ ठेवावी. ज्याच्या कंबरेला वजन उचलण्याची मनाई आहे, त्याला चाकांचा स्टँडही क्षम्य आहे. तेथे पैशांचा प्रश्न दुय्यम ठरतो. राहिले ते लोक, ज्यांना वस्तू नवी, पिवळी किंवा निळी आणि नाव कोरलेली असावी असे वाटते. त्यांच्याशी वाद घालणे निष्फळ आहे. मौजेची गोष्ट एवढीच की त्यांत अभियंत्यांचा भरणा अधिक असतो. पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेत ज्यांनी हाताने करवत धरून लाकडाचा सांधा केला, त्यावर गुण मिळवले आणि सुताराच्या कामास सोपे म्हटले, तेच चाळीस वर्षांनी चार पायांच्या चौकटीसाठी परदेशी माल धुंडाळतात.

एक सूचना अधिक व्यापक आहे आणि ती गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सांगली जिल्हा सहकाराच्या नावाने ओळखला जातो. साखर, दूध, सूतगिरणी, बँक, सर्व काही आपण भागीत केले. ज्या वसाहतीत पाच घरांत पाच मायटर सॉ चादरीखाली झोपलेले आहेत, तेथे यंत्रे ज्याची त्याच्याकडे राहोत, कारण पात्याचे हत्यार उसने देण्यात जबाबदारीचे खटले उभे राहतात. परंतु एक भक्कम चौकट आणि दोन घोड्या संस्थेच्या मालकीच्या असण्यास काय प्रत्यवाय आहे? वाहनतळाच्या कोपऱ्यात ती उभी राहील, रखवालदाराकडे नोंदवही राहील, वापरणारा भुसा झाडून जाईल. वरच्या प्लायवर वेगवेगळ्या यंत्रांच्या भोकांचे संच पाडून ठेवता येतात. मखराच्या दिवसांत थोडी रांग लागेल, त्या रांगेत वर्षभर न बोललेले शेजारी बोलतील, आणि सर्वसाधारण सभेत या खर्चाची बाब मंजुरीला आली तर ती रंगरंगोटीच्या खर्चाहून लवकर मंजूर होईल असा माझा अदमास आहे. अर्थात् झाडून न जाणाऱ्या सभासदावर काय कारवाई करावी, यासाठी पोटनियमांत दुरुस्ती करण्याची दरख्वास्तही त्याच सभेत येईल, हेही मी गृहीत धरतो.

श्रावण लागण्याच्या आत हा निर्णय करावा. यंत्राच्या बैठकीचा ठसा असलेला कागद, स्वतःच्या उंचीवरून काढलेले माप आणि लांबांत लांब कोणती पट्टी कापणार याचा अंदाज, एवढे घेऊन फॅब्रिकेटरकडे जावे, आणि विकतच्या स्टँडच्या तुलनेत जे पैसे शिल्लक राहतील त्यांतून सर्वप्रथम डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, नाका-तोंडाला धूळ गाळणारी चांगली मुखपट्टी आणि यंत्रासाठी बारीक दातांचे एक नवे पाते घ्यावे. यंत्राबरोबर आलेले पाते चौकटीच्या कामाला बहुधा भरडच असते.